मग उठायचे कोणी?

चैत्र सरत आला की सीताबर्डीच्या रस्त्यांवर टरबुजांचे ढीग दिसू लागतात. हातगाडीवाला त्यांतले एक उचलतो, बोटाने ठोकून त्याचा आवाज ऐकवतो. आपण थोडी घासाघीस करतो आणि फळ पिशवीत घालून घरी येतो. घरी आल्यावर नळ सोडून तोंडावर पाणी मारतो. रात्री अंथरुणावर पडले असता दूरच्या रस्त्याने जाणाऱ्या वाळूच्या ट्रकांची घरघर ऐकू येते; शहरात कुठे ना कुठे मजला चढतच असतो. फळ, पाणी आणि वाळू ह्या तीन गोष्टींचे एकमेकींशी काही नाते असेल, असे बर्डीवरील इतक्या वर्षांच्या वास्तव्यात माझ्या कधी मनात आले नव्हते. परंतु ते आहे. पेंच नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते, आणि आपले हे शहर तहानेसाठी, घरांसाठी आणि उन्हाळ्यातील गोडव्यासाठी ह्याच नद्यांपुढे हात पसरत आले आहे.

ह्या नद्यांच्या वाळूवर आणखीही कोणी राहते. हिवाळा संपून पाणी ओसरू लागले की पात्रात वाळूची बेटे उघडी पडतात. त्या उघड्या वाळूत नदी सुरय, काळ्या पोटाचा सुरय, आर्ली, कंठेरी चिखल्या, नदी टिटवी असे पक्षी अंडी घालतात. घरटे म्हणावे असे तिथे काहीच नसते. पक्षी छातीने वाळू दाबून वाटीएवढा खळगा करतो आणि त्यात दोन ते चार अंडी घालतो. अंड्यांचा रंग वाळूचा, त्यावर तपकिरी ठिपके. दोन पावलांवरूनही ती दिसत नाहीत. झाडाचा आडोसा नाही, गवताचे छप्पर नाही. चारी बाजूंनी वाहणारे पाणी हेच त्यांचे कुंपण. कोल्हा, कुत्रा आणि माणूस पाणी ओलांडून येणार नाही, ह्या एका भरवशावर हा सारा संसार मांडलेला असतो.

आपल्या विदर्भात त्या दिवसांत पारा ४५ अंशांवर जातो. वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही. अशा वेळी अंडी उबवण्यापेक्षा ती शिजू न देणे हेच आईबापांचे मोठे काम होऊन बसते. ते पंख किंचित उघडून अंड्यांवर सावली धरतात. नदीवर जाऊन पोटाची पिसे भिजवून आणतात आणि ओल्या पोटाने अंडी गार करतात. हे सुमारे तीन आठवडे चालते. माणूस जवळ आला की पक्षी उठतो आणि डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागतो. माणसाला वाटते, पक्षी आपल्यावर चिडला. वस्तुतः तो आपल्याला जाण्याची विनवणी करीत असतो, कारण खाली अंडी उन्हात पडलेली असतात.

एकेकाळी आपल्या नद्यांवर सर्रास दिसणारा नदी सुरय आज जगाच्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदला गेला आहे. काळ्या पोटाच्या सुरयाची स्थिती त्याहून वाईट आहे. तो ‘धोक्यात’ ह्या वर्गात आहे, आणि आग्नेय आशियातून तर तो जवळजवळ नाहीसा झाला आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी ह्या वाळूवरच्या पक्ष्यांच्या रक्षणाचे काम करते. मी प्राणिशास्त्र शिकवले ते काचेच्या बरण्यांतून. ती ते नदीकाठी शिकली. कागदावर ती जीवशास्त्रज्ञ आहे. पण तिचा दिवस जातो माणसे भेटण्यात. वनरक्षक, तलाठी, सरपंच, मासेमार, वाळूघाटाचा ठेकेदार, पाटबंधारे खात्यातील अभियंता, सुट्टीच्या दिवशी मोठी कॅमेऱ्याची भिंगे घेऊन येणारे हौशी लोक, ह्या साऱ्यांशी तिला बोलावे लागते. मी एकदा विचारले, “पक्ष्यांसाठी तू नेमके काय करतेस?” ती हसून म्हणाली, “सर, पक्ष्यांना माझी गरज नाही. त्यांचे काम ते करतात. मी फक्त माणसांना थोडे लांब उभे राहायला सांगते.”

हे उत्तर मला फार आवडले. भले करण्यासाठी काहीतरी द्यावे लागते, काहीतरी बांधावे लागते, असे आपण समजतो. इथे मागणी केवळ अंतराची होती. वाटले, इतके स्वस्त पुण्य दुसरे नसेल. परंतु गेल्या काही वर्षांपूर्वीच्या एका मार्च महिन्यात मी तिच्याबरोबर वैनगंगेच्या पात्रात गेलो, आणि हे अंतर स्वस्त नाही हे मला एका म्हाताऱ्या ढिवराने समजावले.

पात्रात त्याची डांगरवाडी होती. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पाणी ओसरले की हे लोक वाळूत ओल लागेपर्यंत चर खणतात, त्यात खत घालतात, टरबूज, खरबूज, काकडी लावतात. रोपे मोठी होईपर्यंत त्यांना पाणी घालतात, वेलांखाली गवत अंथरतात आणि राखणीसाठी तिथेच खोपटे बांधून सहकुटुंब राहतात. ह्यांच्या नावावर बहुधा शेत नसते. नदीने चार महिने उसनी दिलेली वाळू हीच त्यांची जमीन. पहिला पूर आला की ती परत करायची.

त्या वर्षी त्याच्या वाडीच्या पुढच्या टोकाला, जिथे वाळू उंच आणि उघडी होती, तिथे सुरयांनी अंडी घातली होती. माझ्या विद्यार्थिनीने त्याला नम्रपणे सांगितले, “बाबा, तेवढा तुकडा यंदा सोडता येईल का? कुत्रेही बांधून ठेवावे लागेल.” म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “बाई, पाखरू उन्हाळाभर बसते, आमीबी उन्हाळाभरच बसतो. मंग उठाचं कोनं?”

तिने मान खाली घातली. मीही काही बोललो नाही. त्या प्रश्नात राग नव्हता. तो हिशेब होता, आणि बरोबर होता.

ह्या प्रश्नाला पहिले उत्तर कायद्याचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ ह्या शब्दाचा अर्थ फार व्यापक केला आहे. बंदूक चालवणे ही तर शिकार आहेच. परंतु रानपक्ष्यांची अंडी फोडणे, इतकेच नव्हे तर त्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हीदेखील कायद्याच्या भाषेत शिकारच ठरते. कायदा करणाऱ्यांची ही सूक्ष्म दृष्टी वाखाणण्याजोगी आहे. पण तो कायदा प्रत्यक्षात कोणावर चालतो, ते पाहिले पाहिजे. अंड्यापासून दहा पावलांवर असलेला माणूस सापडतो. शंभर कोसांवरचा सापडत नाही. म्हाताऱ्याचे कुत्रे दिसते. धरणाचे दरवाजे एप्रिलमध्ये उघडले आणि सोडलेल्या पाण्यात बेटावरील अंडी वाहून गेली, तर तिथे शिकारी कोण? वरच्या धरणात पाणी अडवल्यामुळे प्रवाह आटला, बेट काठाला जोडले गेले आणि कुत्री चालत आत शिरली, तर पंचनामा कोणाचा करायचा? वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. अशा धरणाच्या फुगवट्यात वाळूची बेटे बुडतात, तेव्हा त्यांवरील पक्षी आणि त्यांवरील डांगरवाडी ही दोन्ही एकदमच उठतात. तिथे पाखरू आणि ढिवर हे प्रतिवादी नसतात, सहप्रवासी असतात.

वाळूचे तसेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लहान घाटांनाही पर्यावरण मंजुरीची अट लागू केली, हे चांगले झाले. आपल्या राज्यात १० जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत वाळूचा उपसा बंद असतो. पण त्या काळात वाळू पाण्याखालीच असते, आणि पिल्लेही तोवर उडून गेलेली असतात. उपसा चालतो तो फेब्रुवारी ते मे ह्या महिन्यांत, म्हणजे ज्या महिन्यांत अंडी वाळूवर असतात नेमके तेव्हा. नियम नदीसाठी केला गेला. नदीवर राहणाऱ्यांचे वेळापत्रक कोणी विचारले नाही.

जगात इतरत्र ह्या प्रश्नाला लोकांनी कशी उत्तरे दिली, हे पाहण्याजोगे आहे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पायपिंग प्लोव्हर नावाचा चिखल्याच्याच कुळातील एक चिमुकला पक्षी वाळूत अंडी घालतो. १९८६ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले तेव्हा त्या किनाऱ्यावर त्याच्या आठशेच्या आत जोड्या उरल्या होत्या. आज त्या दोन हजारांच्या आसपास आहेत. त्यासाठी किनाऱ्यांचे काही भाग दोऱ्या लावून बंद केले गेले, कुत्र्यांना मनाई झाली, वाळूवरून मोटारी नेणे थांबले. लोक इतके चिडले की हा पक्षी चवीला कोंबडीसारखा लागतो, अशा अर्थाच्या चिठ्ठ्या त्यांनी मोटारींवर चिकटवल्या. शिकागो शहरात २०१९ मध्ये ह्या पक्ष्याच्या एका जोडीने सरोवराच्या काठी अंडी घातली, आणि तिथे व्हायचा संगीत महोत्सव रद्द झाला. हे वाचून आपल्याला कौतुक वाटते, आणि वाटावेच. पण तिथे माणसाने दिले ते सुट्टीतले एक सुख. वैनगंगेच्या म्हाताऱ्याकडे आपण मागत होतो ती वर्षाची मीठभाकर. दोन्हींना आपण ‘त्याग’ हा एकच शब्द वापरतो, आणि तिथेच आपली फसगत होते.

आपल्या देशातली उदाहरणे मला अधिक जवळची वाटतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी पूर्वी समुद्री कासवांची अंडी उकरून विकली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहायला पाहुणे येऊ लागले, आणि त्यांच्या जेवणाखाण्यातून, राहण्यातून गावाला चार पैसे मिळू लागले. अर्थात कासवाची अंडी उचलून कुंपणात पुरता येतात. आई अंडी घालून केव्हाच समुद्रात गेलेली असते. सुरयाची अंडी अशी हलवता येत नाहीत, कारण त्यांच्यावर आई बसलेली असावी लागते. म्हणून चंबळ नदीवरील उदाहरण आपल्याला अधिक लागू पडते. तिथे पाणचिरा हा दुर्मीळ पक्षी वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञ परवीन शेख ह्यांनी तिथे नदीकाठच्या गावकऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार नेमले. २०२५ मध्ये त्यांना ह्या कामासाठी व्हिटली पुरस्कार मिळाला. नदीची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस तिथे संशयित राहिला नाही, रक्षक झाला. आपल्या गोंदियातही धानाच्या बांध्यांत अंडी घालणारे सारस पक्षी टिकले आहेत ते शेतकऱ्यांच्या राखणीवर. सारसांच्या घटत्या संख्येची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

न्यायालयावरून आठवले. पंचतंत्रात टिटवीची एक गोष्ट आहे. टिटवीच्या जोडप्याने समुद्रकाठच्या वाळूत अंडी घातली आणि समुद्राने ती हसत हसत गिळली. टिटवा रडत बसला नाही. त्याने सर्व पक्षी जमवले. ते गरुडाकडे गेले, गरुड विष्णूकडे गेला, आणि शेवटी समुद्राला अंडी परत द्यावी लागली. लहानपणी मला ही गोष्ट गमतीची वाटे. आता वाटते, तिच्यात एक नेमकी जाण आहे. टिटवीने फिर्याद केली ती समुद्राविरुद्ध. शेजारच्या कोळ्याच्या खोपटावर तिने राग काढला नाही.

आता काही वाचक म्हणतील, माणूस महत्त्वाचा की पाखरू? प्रभू येशूनेच सांगितले आहे की पुष्कळ चिमण्यांपेक्षा तुमचे मोल अधिक आहे. खरे आहे. पण त्याच बोलण्यात प्रभू हेही सांगतो की, एकही चिमणी पित्याच्या नजरेआड भूमीवर पडत नाही. ज्याचे मोल अधिक त्याला मोकळीक अधिक, असा अर्थ त्यातून निघत नाही. ज्याचे मोल अधिक त्याच्याकडून हिशेब अधिक, असा निघतो. जुन्या करारातील ‘अनुवाद’ ह्या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात एक छोटा नियम आहे. वाटेत झाडावर किंवा जमिनीवर पक्ष्याचे घरटे आढळले, तर पिल्ले हवी असल्यास घे, पण त्यांच्याबरोबर आईला धरू नकोस. तिला जाऊ दे. ह्या नियमासोबत कल्याणाचे आणि दीर्घ आयुष्याचे जे वचन आहे, तेच आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेसोबतही आहे. नियमशास्त्राने भुकेल्या वाटसरूला उपाशी राहायला सांगितलेले नाही. घे, पण मूळ खुडून घेऊ नकोस, एवढेच सांगितले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या पत्रात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे दोन्ही एकत्र ऐकायला सांगितले. मी ते वाक्य पूर्वी वाचले होते. वाळूवर उभे राहून ऐकले तेव्हा कळले की, एकाचा आक्रोश थांबवण्यासाठी दुसऱ्याचे तोंड दाबणे हा उपाय नव्हे.

आता माझ्या स्वतःच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय हे लिहिणे प्रामाणिक होणार नाही.

त्याच सकाळी मला अंडी दिसली. इतकी वर्षे चित्रांत दाखवलेली अंडी प्रत्यक्ष समोर होती. मी वाकून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. डोक्यावर सुरय ओरडत होते. विद्यार्थिनीने दोनदा हाक मारली, “सर, मागे या.” मी म्हणालो, “आलोच.” त्या ‘आलोच’मध्ये दहा-पंधरा मिनिटे गेली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली तेव्हा तो खळगा रिकामा होता. कावळ्याने नेली की आणखी काही झाले, हे कोणालाच सांगता येणार नव्हते. तिने मला दोष दिला नाही. पण कावळे माणसाच्या मागावर येतात, हे तिनेच मला पूर्वी सांगितले होते. म्हाताऱ्याने मात्र तोवर कुत्रे बांधले होते.

दुसरी गोष्ट जुनी आहे. आमच्या घरावर आम्ही एक मजला चढवला. वाळू रात्री येऊन पडे. ती कुठून येते, रात्रीच का येते, हे मी कधी विचारले नाही. भाव विचारला. पापकबुलीच्या वेळी आपण जी पापे आठवतो, ती बहुधा आपल्या हातांनी केलेली असतात. पैसे देऊन दुसऱ्याच्या हातांनी केलेली सहसा आठवत नाहीत.

म्हणून म्हाताऱ्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. उठायचे ते क्रमाने. सर्वांत आधी उठावे ज्याचे तिथे काही अडत नाही त्याने: छायाचित्र काढायला आलेल्याने, हौशीने पाहायला आलेल्याने, माझ्यासारख्याने. मग ज्याला सर्वांत अधिक लाभ होतो त्याने: वाळूच्या व्यापाऱ्याने, आणि त्याच्याकडून वाळू घेणाऱ्या आपण सर्वांनी. मग ज्याच्या हाती धरणाची किल्ली आहे त्याने. तीन आठवडे पाणी केव्हा सोडायचे आणि केव्हा नाही, हे पक्ष्यांच्या जाणकारांना विचारून ठरवणे अशक्य नाही. डांगरवाडीवाल्याकडे आपण सर्वांत शेवटी जावे, आणि तेही रिकाम्या हाताने नव्हे. जितकी वाळू तो सोडेल तितक्याचा मोबदला त्याला मिळावा, आणि राखणीचे काम त्यालाच मिळावे. आज होते ते नेमके उलट्या क्रमाने. जो सर्वांत जवळ आणि सर्वांत दुबळा, त्यालाच आपण प्रथम उठवतो, आणि त्याला निसर्गप्रेम म्हणतो.

त्या वर्षी माझ्या विद्यार्थिनीने हेच केले. पुढचे टोक मोकळे ठेवायचे, वेल काठाच्या बाजूला वाढवायचे, आणि गेलेल्या वेलांचे पैसे द्यायचे, असे तिने म्हाताऱ्याशी ठरवले. पैसे थोडे होते आणि वेळेवर मिळाले नाहीत. त्यासाठी तिला खेटे घालावे लागले. काही पिल्ले उडाली, काही गेली. ह्या कामात विजयाचे ढोल वाजत नाहीत.

आमच्या घराला अलीकडे पुन्हा गिलावा करायचा होता. मी मुलाला म्हटले, ह्या वेळी दगड दळून केलेली वाळू घेऊ. मिस्त्री कुरकुरला, नदीची वाळू हाताला चांगली बसते म्हणाला. गिलावा थोडा खरखरीत झाला आहे. येणारेजाणारे विचारतात, तेव्हा मी सांगतो.

आणि गेल्या चैत्रात बर्डीवर टरबूज घेताना मी गाडीवाल्याला विचारले, “नदीचे आहे का?” तो म्हणाला, “शेतातला आहे साहेब. नदीचा माल आता कुठं येते!” म्हणजे कोणीतरी आधीच उठले होते. त्याला उठवताना कोणी काही विचारले होते का, हे त्या गाडीवाल्याला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.